संगणकाची आज्ञावली आणि तिचा वाचक

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, संतवाङ्मय, आरोग्य, शेती असे विषय आपण ऐकत आलो आहोत. त्या पंक्तीत संगणकाचा प्रोग्रॅम कसा लिहावा हा विषय मांडला, की पहिली शंका हीच येणार, की हा तर अभियंत्यांचा घरगुती प्रश्न. चंद्रपूर-गडचिरोलीच्या नागरिकांना त्याचे काय? आमचे उत्तर असे, की सातबाराचा उतारा, रेशन दुकानातले यंत्र, विजेचे बिल आणि बँकेचे खाते या साऱ्यांच्या पाठीशी आज कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम उभा आहे. तो नीट चालतो तोवर दिसत नाही. बिघडला, की खिडकीपाशी ताटकळतो तो आपणच.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची वही. तिच्या मजकुराला कोड म्हणतात. हा मजकूर यंत्रासाठी लिहिला जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. यंत्राला सुबोध आणि दुर्बोध हा भेद कळत नाही. आज्ञा बिनचूक असली म्हणजे त्याचे काम भागते. सुबोधपणाची गरज असते ती माणसाला. कायदा बदलतो, दर बदलतो, चूक सापडते, आणि मग कोणीतरी ती वही पुन्हा उघडतो. तो बहुधा मूळ लेखक नसतो. म्हणून कोड एकदा लिहिला जातो आणि अनेकदा वाचला जातो. डोनाल्ड कनुथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८४ साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या नावाने हाच विचार मांडला, की संगणकाने काय करावे हे माणसाला समजावून सांगण्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम लिहावा.

आपल्याकडे या विचाराचा दृष्टान्त शोधायला दूर जायला नको. साग लावणारा वनाधिकारी तो साग तोडणीला आलेला पाहत नाही. झाड पिकायला कित्येक दशके लागतात आणि अधिकाऱ्याची बदली काही वर्षांतच होते. तरीही आलापल्लीसारख्या जंगलाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते, कारण वनखाते कार्य आयोजना लिहून ठेवते. जंगलाचे कक्ष पाडलेले असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो, आणि कोणत्या कक्षात कोणत्या साली काय केले याची नोंद ठेवायची असते. नवा अधिकारी ती वाचतो आणि पुढचे पाऊल टाकतो. चांगल्या कोडची लक्षणे याच जातीची आहेत.

पहिले लक्षण नावांचे. आपल्याकडे उन्हाळ्यात तेंदूपाने गोळा होतात. सत्तर पानांचा एक पुडा, आणि मजुरी शेकडा पुड्यांवर. समजा, या हिशेबाचा प्रोग्रॅम कोणी लिहिला आणि त्यात नुसते ‘७०’ असे दहा ठिकाणी लिहिले. पुढे शेजारच्या राज्यासाठी तोच प्रोग्रॅम वापरायचे ठरले. तिथे पुडा वेगळ्या मापाचा. आता दुसऱ्या माणसाने काय करावे? दहांपैकी एखादा ‘७०’ पानांचा नसून वयाच्या अटीचा असू शकतो. तो चुकून बदलला, तर नुकसान होते ते रानात पहाटे पाने तोडणाऱ्या बाईच्या मजुरीचे. आणि चूक कुठे आहे हे तिलाही कळत नाही, हिशेब देणाऱ्यालाही कळत नाही. तोच आकडा ‘एका पुड्यातील पाने’ असे नाव देऊन एकदाच लिहिला असता, तर हा घोटाळा उद्भवलाच नसता.

दुसरे लक्षण याच्याच पोटातले: एक गोष्ट एकाच जागी सांगावी. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा जिल्हे २६ होते. आज ते ३६ आहेत. आपला गडचिरोलीच १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. जिल्ह्यांची यादी एकाच ठिकाणी ठेवली असेल, तर नवा जिल्हा झाल्यावर एक ओळ वाढवून काम होते. ती वीस ठिकाणी उतरवलेली असेल, तर एकोणीस ठिकाणे सुधारली जातात आणि विसावे राहून जाते. आणि त्या विसाव्या ठिकाणी नव्या जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज अडतो.

तिसरे लक्षण कारणांच्या नोंदीचे. कोडमध्ये यंत्र वाचत नाही अशा टिपा लिहिण्याची सोय असते. पण ‘येथे बेरीज केली’ असली टीप निरुपयोगी. बेरीज तर दिसतेच आहे. ती का केली, कोणत्या नियमामुळे केली, हे लिहावे. आणि नियम बदलला, की टीपही बदलावी. रस्ता वळवल्यावर जुनी पाटी तशीच ठेवली, तर वाटसरू चुकतोच. पाटी नसती तर निदान त्याने कोणाला विचारले असते.

चौथे लक्षण विरळणीचे. दाट रोपवनात काही झाडे काढल्यावाचून उरलेली जोम धरत नाहीत. कोडमध्येही लांबलचक भागांचे छोटे कक्ष पाडावे लागतात आणि निरुपयोगी झालेले काढून टाकावे लागते. न काढल्यास काय होते, याचा धडा १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत मिळाला. नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये कित्येक वर्षे न वापरलेला एक भाग तसाच पडून होता. त्याची जुनी खूण नव्या कामासाठी वापरली गेली. नवा प्रोग्रॅम आठपैकी एका संगणकावर चढवायचा राहिला, आणि त्यावरचा मेलेला भाग जागा झाला. सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलर गेले. मोळीत वाळका साप बांधून आणला, असे समजण्यासारखाच हा प्रकार.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे उत्तम. पण काम घाईचे असते, पैसे मोजके असतात, नीटनेटकेपणाला सवड कोणाला? घाईची अडचण आम्ही नाकारत नाही. पण वाचलेला वेळ खरोखर वाचत नाही. तो पुढच्या माणसाच्या खात्यावर उधार मांडला जातो. जागा वाचावी म्हणून पूर्वी वर्षाचे दोनच अंक लिहीत. १९९९ अखेर ती उधारी चुकती करण्यासाठी जगभर जुने कोड ओळीओळीने वाचावे लागले, आणि त्या कामात भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे बेकार झालेल्यांचे अर्ज तुंबले, तेव्हा न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक द्यावी लागली. कोबोल ही १९५९ साली आखायला घेतलेली भाषा. राज्याची व्यवस्था तिच्यावर चालत होती आणि ती जाणणारे निवृत्त झाले होते.

मग राखण कोणी करावी? एकट्याने ती होत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे अभ्यासगटात विषयाची चर्चा होते आणि ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते. एखाद्याला पटले नाही, तर पुन्हा बोलणे होते. चांगल्या प्रोग्रॅमकारांची रीतही जवळजवळ हीच आहे. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून पटल्याशिवाय तो मुख्य वहीत घेत नाहीत. ‘मला हे समजले नाही’ असे दुसरा म्हणाला, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष न मानता मजकुराचा दोष मानतात. या एका सवयीने जितके साधते तितके कोणत्याही नियमावलीने साधत नाही.

नागरिकांनी यातून घ्यायचे ते थोडेच आहे. आपली पतसंस्था, शाळा किंवा नगर परिषद प्रोग्रॅम करून घेईल, तेव्हा किंमत आणि मुदत विचारून थांबू नये. कोड आमच्या हाती येणार का, त्यासोबत कारणांच्या टिपा असणार का, आणि हा लिहिणारा उद्या नसला तर दुसऱ्याला तो वाचता येईल का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे करारात लिहून घ्यावीत. आपल्या भागातील जी मुले-मुली आज संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनाही एवढेच सांगावेसे वाटते, की यंत्राला कळले एवढ्यावर समाधान मानू नका.

जंगलातली जाळरेषा दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी साफ करतात. गेल्या वर्षी केली होती, एवढ्याने यंदाचा वणवा अडत नाही. कोडचेही तसेच आहे; तो एकदा लिहून संपत नाही, राखावा लागतो. आणि राखणारा पुढचा माणूस आपल्या ओळखीचा नसेल, म्हणूनच त्याच्यासाठी स्वच्छ लिहायचे.