बाळाचा कोपरा

मुलांनो, घरात बाळ येणार म्हटले की सर्वांना आनंद होतो. बाळासाठी वेगळी खोली हवीच असे नाही. एक स्वच्छ, उबदार कोपराही पुरतो. तो तयार करताना तुम्ही अम्मीला मदत करू शकता.

आधी जाळी-जळमटे काढा, फरशी पुसा. ओल आलेल्या भिंतीजवळची जागा टाळा. नवजात बाळाचे अंग लवकर गार पडते. म्हणून तेथील तापमान सुमारे २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. हवा खेळती हवी, पण वाऱ्याचा झोत बाळाच्या अंगावर येऊ नये.

जुन्या सुती कपड्यांची दुपटी शिवा. ती धुऊन उन्हात वाळवा. बिछाना सपाट असावा. बाळाला उताणे झोपवावे. डोके गोल व्हावे म्हणून काही घरांत मोहरीची उशी देतात. पण उशीत नाक-तोंड दबून बाळाचा श्वास कोंडू शकतो. ऊद-लोबानाची धुरीही देऊ नये. धुराने कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. डास असतील तर मच्छरदाणी लावा.

दादी-नानीला हे नवे वाटेल. त्यांना अदबीने समजावून सांगा. महागडा पाळणा नसला तरी चालेल. बाळाला मोकळा श्वास मात्र मिळालाच पाहिजे.