मुष्टियुद्धातून आलेले इंग्रजी वाक्प्रचार
1838च्या लंडन प्राइझ रिंग नियमांत खाली पडलेल्या मुष्टियोद्ध्याला 30 सेकंद उसंत मिळे. पुढच्या 8 सेकंदांत त्याने कोणाच्याही आधाराशिवाय रिंगणाच्या मधोमध आखलेल्या ‘स्क्रॅच’ रेषेपाशी उभे राहायचे, नाहीतर हार. अपेक्षेला उतरणे या अर्थाचा ‘अप टू स्क्रॅच’ इथलाच. ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार पत्करणे: आपला गडी फार मार खातोय असे दिसले की त्याचा मदतनीस रिंगणात टॉवेल भिरकावतो, त्याआधी स्पंज फेकत. ऐनवेळी सुटका झाली की ‘सेव्ह्ड बाय द बेल’. ही घंटा फेरी संपल्याची. चुकून जिवंत पुरलेल्याने वाजवायच्या, शवपेटीला बांधलेल्या घंटेवरून हा वाक्प्रचार आला ही गोष्ट रंजक, पण निराधार आहे. ‘बिलो द बेल्ट’ मात्र मराठी राजकारणातही ‘कमरेखालचा वार’ म्हणून सर्रास चालतो.