मारबत आणि भानामती

पोळ्याचा दुसरा दिवस. यवतमाळच्या गल्लीबोळांत लहान मुले लाकडी नंदी सजवून तान्ह्या पोळ्याला निघतात. विदर्भातल्या अनेक गावांत त्याआधीच एक काम उरकलेले असते. घरातली ईडापीडा, रोगराई, खोकला-खासी मारबत नावाच्या पुतळ्याच्या हवाली करायची आणि तिला शिवेबाहेर घालवायचे. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते.

या प्रथेचे सर्वांत भव्य रूप नागपुरात दिसते. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची, तर तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत 1885 पासूनची सांगितली जाते. वाजतगाजत निघालेल्या दोघींची वाटेत भेट होते, सोबतीला बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात. महागाई, भ्रष्टाचार, बेरोजगारी, ज्याचा राग आला असेल त्याचा बडग्या! मिरवणुकीच्या शेवटी सगळ्यांचे दहन होते. मारबत म्हणजे कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना, असे काहीजण मानतात. काळी मारबत मात्र 1857 च्या उठावात इंग्रजांना साथ देणाऱ्या, नागपूरच्या राजघराण्यातल्या बांकाबाई भोसले यांच्या निषेधासाठी सुरू झाली, असेही सांगितले जाते. इतिहासातल्या एका खऱ्या बाईला लोकांच्या रागाने थेट पूतनेच्या जागी नेऊन बसवले, ही गोष्ट विचार करायला लावते. तरीही जळतो तो कागद आणि बांबू. त्यात कोणाच्या अंगाला चटका बसत नाही, आणि या उत्सवाचे शहाणपण नेमके तिथे आहे.

ईडापीडेचे खापर जिवंत माणसावर फुटते, तेव्हा काय होते?

वर्धा नदीपलीकडचा चंद्रपूर हा यवतमाळचा शेजारी जिल्हा. तिथल्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट 2021 मध्ये भानामतीच्या, म्हणजे जादूटोण्याच्या, संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारले गेले. त्यात म्हातारी माणसे होती, बायका होत्या, आणि ते सगळे दलित होते. उत्तरेकडच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या रेट्याखेडा गावी, डिसेंबर 2024 अखेरीस 77 वर्षांच्या एका आजीवर जादूटोण्याचा आळ आला. मारहाण, मिरचीची धुरी, गळ्यात चपलांचा हार आणि गावातून धिंड, अशी ती तक्रार होती. आळ येतो तो बहुतेकदा दुबळ्यावर: एकट्या म्हातारीवर, विधवेवर, जिच्या बाजूने बोलायला कोणी नाही तिच्यावर. कारण शोधायला गेले, तर एखाद्या घरातले न हटणारे दुखणे निघते, नाहीतर जुना जमिनीचा वाद.

अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली चेटकाच्या आळातून हेच घडले, फरक इतकाच की तिथे न्यायालयच आळ घेणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. 19 जणांना फाशी झाली, एका वृद्धाला अंगावर दगड रचून मारण्यात आले. आज ऑक्टोबर महिन्यात तेच गाव हॅलोविनसाठी पर्यटकांनी फुलून जाते, पोलिसांच्या गाड्यांवरही चेटकिणीचे चित्र असते. बळी गेलेल्यांचे स्मारक उभे राहायला मात्र 1992 उजाडावे लागले. शिक्षा सुनावल्या गेलेल्यांपैकी कलंक पुसायची राहिलेली शेवटची स्त्री 2022 मध्ये निर्दोष ठरली, तेही शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला म्हणून.

महाराष्ट्रात कायदा आळ घेणाऱ्याला पकडतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे कार्यकर्ते श्याम मानव यांनी 1982 मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी याच चळवळीतले नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. एखाद्याला करणी करणारा ठरवून छळले, तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणेही याच कायद्यात बसते. पोळ्याच्या दिवसांत कपाशीच्या तासांतून वावरणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी हे कलम अगदी जवळचे आहे.