बाग पाहावी वैशाखात

बागेची परीक्षा आपण श्रावणात घेतो, आणि पावसाळ्यात कोणतीही बाग हिरवीगारच दिसते. दख्खनच्या पठारावर पारा चाळिशी ओलांडतो, लोक टँकरची वाट पाहत असतात, तेव्हा कुंपणाच्या आत काय फुलले आहे हे पाहायला हवे. आपल्या मातीतली झाडे नेमकी तेव्हाच भरात असतात. होळीच्या सुमारास पळस, पांगारा, काटेसावर. चैत्रात कोशिंबाची लालभडक पालवी. त्यानंतर बहावा आणि पांढरा कुडा. उन्हाळा म्हणजे बागेचा भाकड काळ, त्यात झाडे कशीबशी जगवायची, ही समजूत लॉन आणि हंगामी फुलांच्या बागांमुळे रुजली आहे. देशी झाडांच्या बागेला ती लागू पडत नाही.

याचे कारण या झाडांच्या जगण्यातच आहे. झाडातले पाणी मुख्यतः पानांवाटे उडून जाते. पानझडी झाड पाने टाकून हा खर्च थांबवते आणि खोडात साठलेली, खोल मुळांना मिळणारी ओल फुलांसाठी वापरते. पानांचा आडोसा नसल्याने फुले लांबून दिसतात. पांगाऱ्यावर मैना, बुलबुल आणि शिंजीर यांची झुंबड उडते ती यामुळेच. पुढचे गणितही पक्के असते. वावळाच्या पातळ, गोल चकत्या पावसाच्या आधीच्या वाऱ्यांवर उडतात आणि बी ओल्या मातीत पडण्याची शक्यता वाढते. कित्येक झाडे तर पहिल्या सरीची वाट न पाहता ऐन उन्हात नवी पाने काढतात. बहाव्याचे एक फूल हातात घेऊन बघा. दहा पुंकेसरांपैकी तीन लांब आणि धनुष्यासारखे वाकलेले असतात, बाकीचे आखूड. मोठा काळा भुंगा आखूड केसरांना धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतात. काही त्याच्या पोटी जातात, काही अंगाला चिकटून पुढच्या फुलावर पोचतात. भर वैशाखात एवढी लगबग ज्या अंगणात चालते, ते उजाड कसे म्हणायचे?

यावर पहिला आक्षेप असा की बोगनवेलही पाण्यावाचून फुलते, मग देशीचा आग्रह कशाला? बोगनवेल काटक आहे, हे खरेच. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची पाने खाऊन वाढणाऱ्या अळ्या आपल्याकडे फार थोड्या. उलट रुईवर बिबळ्या कडवा अंडी घालतो, बहाव्याच्या पानांवर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या पोसतात. फुलपाखरे हवीत तर कुरतडलेली पानेही आवडली पाहिजेत. दुसरा आक्षेप पाण्याचा: देशी रोपेही सुरुवातीला पाणी मागतात. मागतात, पहिले दोन-तीन उन्हाळे नक्कीच, आणि आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर लागतो. पण लॉनचा हिशेब मांडा. रोज फक्त 5 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी 100 चौरस मीटरला 500 लिटर होतात, आणि हा खर्च दर उन्हाळ्याचा आहे. जागा लहान असेल तर मोठे वृक्ष लावायलाच हवेत असे नाही. कुंपणाला करवंद, धायटी, निर्गुडी, अडुळसा चालतात. करवंदे तर मे महिन्यात पिकतात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आक्षेप: देशी म्हणजे कुठले? ताम्हण हे आपले राज्यफूल, उन्हाळ्यातच फुलणारे. पण त्याला ओढ्याकाठची ओलसर जमीन मानवते. सोलापूरच्या कोरड्या मुरमाड रानात ते लावले, तर बादल्या वाहणे आलेच. तिथे हिवर, खैर, मेडशिंगी लावावी. रोपवाटिकेत जाण्याआधी जवळच्या माळावर किंवा टेकडीवर एप्रिलमध्ये एक चक्कर मारावी आणि कोणी पाणी न घालता तिथे काय फुलले आहे ते टिपून ठेवावे. लावण्याची यादी तीच.