पाटीवरचं नाव आणि दप्तराचं वजन

पुण्यात शाळाप्रवेशाचा मोसम दिवाळी सरता सरता सुरू होतो. फॉर्म कधी निघणार, याची सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा होते. कुणाची तरी मावसबहीण 'तिथे डोनेशनशिवाय काम होत नाही' असं छातीठोकपणे सांगते. तीन वर्षांच्या पोराकडून रंग आणि आकार घोकून घेतले जातात. वर्गात नेमकं शिकवतात काय, हा प्रश्न या सगळ्यात फार उशिरा निघतो, निघालाच तर.

आधी मुलाखतीचं बघू. 'चांगल्या शाळा मुलं पारखूनच घेतात' हा समज इतका मुरलाय की मुलाखत नसलेल्या शाळेबद्दल पालकांना उलट शंका येते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेशासाठी मूल किंवा पालक यांची कोणतीही चाळणी लावता येत नाही. अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. चाळणी लावली तर पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. देणगी उकळली तर दंड त्या रकमेच्या दहापटीपर्यंत जातो. दोन पळवाटा मात्र आहेत. कायद्याचा वयोगट 6 ते 14, त्यामुळे नर्सरीच्या प्रवेशाबाबत वाद घालायला जागा उरते. आणि 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या बाहेर आहेत. शहरातल्या काही नामांकित शाळा याच गटात मोडतात. म्हणून प्रश्न विचारायचा तो 'मुलाखत कशी असते' हा नव्हे, तर 'कोणत्या नियमाखाली घेता' हा.

याच कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांबद्दलही बऱ्याच वावड्या आहेत. या जागा सोडतीने भरतात. मुलाच्या हुशारीचा तिथे संबंधच येत नाही. फी माफी दहावीपर्यंत असते असं अनेकांना वाटतं, ती असते आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फी समोर उभी राहते, आणि ते आधी ठाऊक नसलेल्या घरांची मोठी ओढाताण होते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. 'राखीव जागा बंद झाल्या' ही अफवा तिथूनच पसरली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि जागा पुन्हा पूर्वीसारख्या खुल्या झाल्या.

आता माध्यम. इथे जरा थांबायला हवं, कारण पुण्यात सर्वांत जास्त पैसा याच एका समजापायी खर्च होतो. 'मराठी शाळेत घातलं की इंग्रजी संपलं' असं मानणाऱ्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते: राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासूनच शिकवलं जातं, आणि तेही 2000 सालापासून. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडचेच. म्हणजे आज ज्यांची मुलं पहिलीत आहेत, त्यांच्यातले काही जण स्वतः पहिलीत इंग्रजी शिकले आहेत. शिवाय गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग गावोगाव आहेत. शिक्षण हक्क कायदा शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतो. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेकडे कल दाखवतं. कारण सरळ आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखायचं आणि अर्थही लावायचा, अशी दोन कामं एकाच वेळी करायची असतात. भाषा घरची असली की त्यातलं एक काम अर्धं झालेलं असतं. पुण्यातच 1992 साली सुरू झालेली अक्षरनंदन ही शाळा विचारपूर्वक मराठी माध्यमाची राहिली आहे. इंग्रजी माध्यम वाईट, असं मी म्हणत नाही. घरात इंग्रजीचा गंध नाही आणि बाईंचं इंग्रजी यथातथा, अशा वर्गात मूल दोन्ही भाषांत अर्धवट राहतं, एवढंच सांगतो.

बोर्डाचंही तसंच. बोर्डाची परीक्षा दहावीला येते. दुसरीतल्या मुलाला शिकवणाऱ्या बाई कशा आहेत, यावर पाटीवरच्या 'सीबीएसई' किंवा 'इंटरनॅशनल' या शब्दाने काहीच उजेड पडत नाही. 1967 साली सुरू झालेल्या, सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट मिळतात. 'स्टेट बोर्ड म्हणजे सोपं' असं म्हणण्याआधी तिसरीचं गणित उघडून बघायला हरकत नाही.

महापालिकेच्या शाळांविषयी बोलताना 'असरचा अहवाल वाचला नाहीत का?' हे वाक्य हमखास येतं. 'असर' हे प्रथम या संस्थेचं सर्वेक्षण, 2005 पासूनचं, आणि ते ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होतं. पुणे शहरातल्या शाळांबद्दल ते काहीच सांगत नाही. पालिकेच्या शाळांत मराठी, इंग्रजी, उर्दू अशी माध्यमं आहेत, आणि दर्जा शाळेगणिक बदलतो. सहकारनगर भागातल्या राजीव गांधी ई-लर्निंग शाळेच्या प्रवेशासाठी पालक धडपडतात, तर दुसरीकडे एखाद्या शाळेचे वर्ग ओस पडत जातात. सगळ्यांना एकाच मापाने मोजणं चूक.

'आठवीपर्यंत परीक्षाच नाही' हा तर लाडका गैरसमज. कायद्याने नापास करायला बंदी केली होती, तपासायला नव्हे. 2010 पासून राज्यात आकारिक आणि संकलित मूल्यमापन सुरू आहे. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी त्याच्याच. त्या नोंदी बऱ्याच शाळांत साचेबद्ध लिहिल्या जातात, ही पद्धतीची नाही, राबवणाऱ्यांची चूक. आणि डिसेंबर 2023 च्या बदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. अनुत्तीर्ण झालेल्याला पुन्हा परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं.

दप्तराचा नियम आहे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा. दुसरीतलं 20 किलोचं मूल घ्या. त्याच्या वाट्याला दोन किलो. एक लिटरची भरलेली बाटली किलोच्या वर जाते, डबा आणि रिकामं दप्तर मिळून उरलेलं बहुतेक खाऊन टाकतात. पुस्तकाला जागा कुठे? शाळेत प्यायला नीट पाणी असेल, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, आणि पाण्याची सोय ही कायद्याची अटच आहे. जास्त गृहपाठ म्हणजे चांगली शाळा, हेही खरं नाही. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, असा राज्याचा निर्णयही फेब्रुवारी 2024 चा. बस कंत्राटदार आणि दोन पाळ्यांच्या शाळा त्यावर नाराज झाल्या. मुलांना कुणी विचारलं नाही.

मग शाळा पाहायला गेल्यावर बघायचं काय? एसी आणि स्मार्ट बोर्ड दाखवतीलच. तिसरीच्या वर्गातल्या पाच वह्या मागून घ्या. पाचही वह्यांत 'माझी आई' सारख्याच वाक्यांनी सुरू होत असेल, तर निबंध फळ्यावरून उतरवलाय. एखाद्या वहीत अशुद्ध, पण मुलाचं स्वतःचं वाक्य असेल आणि शेजारी बाईंनी काहीतरी लिहून विचारलं असेल, तर तो वर्ग जिवंत आहे. वर्गात किती मुलं आहेत, तेही मोजा. प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक, हे कायद्याचं प्रमाण. 50 जणांचा गच्च वर्ग ही शाळेच्या लोकप्रियतेची खूण मानायचं कारण नाही.

राहता राहिली फी. 'शाळा सांगेल तेवढी भरायची' असं नाही. 2011 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या मंजुरीने ठरते, ती दोन वर्षांसाठी असते, आणि समितीतले पालक सोडतीने निवडतात. त्या सोडतीत आपलं नाव घालायला मात्र स्वतः जावं लागतं.