ट्रकची ओढ, पोर्शेची रग

मुक्ताईनगरात गाड्यांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक पोर्शे-लॅम्बोर्गिनीचा, दुसरा दहा-बारा चाकी ट्रकचा. मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, वसलंय तेच फाट्यावर: सुरत-नागपूर महामार्ग इथून जातो आणि इच्छापूर, बऱ्हाणपूर, खंडव्यावरून इंदूरला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. रावेर-मुक्ताईनगर पट्ट्यातली केळी त्याच रस्त्याने उत्तरेला जातात. त्यामुळे इथल्या वादाला घरच्या हिशेबाची धार असते.

पोर्शे ९११ कॅरेराचं इंजिन सुमारे ३९० अश्वशक्तीचं, गाडीचं वजन दीड टनाच्या आसपास. म्हणजे टनामागे २६० अश्वशक्ती. टाटांच्या ट्रकच्या नावातच हिशेब असतो: पहिले दोन आकडे टनांचे, पुढच्या दोनांवर शून्य दिलं की अश्वशक्ती. ५५३० म्हणजे मालासकट ५५ टन आणि ३०० अश्वशक्ती. टनामागे जेमतेम साडेपाच. पोर्शेवाल्यांना वाद इथेच संपल्यासारखा वाटतो.

तो संपत नाही, कारण ओढ, म्हणजे टॉर्क, वेगळी मोजतात. पोर्शेची ४५० न्यूटन-मीटर, ५५३० ची ११००, आणि तीही इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर संथ फिरत असताना. पोर्शेची खरी रग साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास बाहेर येते. चढावर थांबलेला ५५ टनांचा भार हलवायला तिचा उपयोग नाही. तशी चार सेकंदांत शंभरचा वेग गाठायला ट्रकची ओढ कामाची नाही.

केळीला एवढी मोठी गाडी लागत नाही. दहा चाकीचं मालासकट मान्य वजन २०१८ पासून साडेअठ्ठावीस टन आहे. पण तिची परीक्षा कडक. घड हिरवेच कापतात, केळीची पानं अंथरून गाडीत रचतात. एखादा घड पिकायला लागला की त्यातून निघणारा इथिलिन वायू शेजारच्यांनाही पिकवत जातो, आणि मे महिन्यातला खानदेशी उन्हाळा त्याला हातभार लावतो. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून गाडी भेरूघाटाला लागते, तेव्हा ड्रायव्हर चढ यायच्या आधीच गिअर उतरवतो. चढावर मध्येच दम तुटला तर भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. उतारावर तर कसोटी ब्रेकची. नुसता पाय देऊन बसलं तर ब्रेक तापतात आणि धरायचे थांबतात, म्हणून खालच्या गिअरात इंजिनलाच भार अडवू द्यायचा. माझ्या मते ट्रकचा खरा कस उतारावरच लागतो, आणि स्पोर्ट्स कारही तिथेच पारखावी: ती किती पळते यापेक्षा वळणाआधी किती खात्रीने थांबते ते पाहावं.

हे दोन तट काही आजचे नाहीत. ल मांची २४ तासांची शर्यत बेंटलेने १९२७ ते १९३० सलग चारदा जिंकली. त्या जडशीळ गाड्यांना मोटारी बनवणाऱ्या एत्तोरे बुगाटीने जगातले सर्वांत वेगवान ट्रक म्हटल्याचं सांगतात. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी तर आधी ट्रॅक्टर बनवायचा. १९६३ मध्ये त्याने मोटारींची कंपनी काढली.

कमाईचं म्हणाल, तर जाताना केळी आणि येताना परतीचं भाडं मिळालं तरच ट्रकचा हप्ता निघतो. रिकामं परतलं की डिझेल मालकाच्या खिशातून. पोर्शे कमवत नाही, पण चालवणाऱ्यासाठी तिच्यात सगळा जीव ओतलेला असतो, आणि तो मला मोलाचा वाटतो. ट्रक चालवणाऱ्याची सोय मात्र उशिरा आठवली: आपल्याकडे ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं ते २०२५ मध्ये, तेही फक्त नव्या गाड्यांना. जुन्या गाड्यांच्या मालकांनी पुढच्या मे महिन्याआधी केबिनचा पत्रा तरी उष्णतारोधक करून घ्यावा.