उजेड पाठवणारी नजर आणि उजेड टिपणारी नजर

लखनौच्या वृंदावन योजना परिसरात 5 ते 9 फेब्रुवारी 2020 या काळात भरलेल्या ‘डिफेन्स एक्स्पो’सारख्या प्रदर्शनात कॅमेरा आणि रणगाडा समोरासमोर येतात, तेव्हा अंतर ओळखण्याच्या दोन भिन्न रीती शेजारी शेजारी दिसतात. छायाचित्रकार बटण अर्धे दाबतो. कॅमेरा चिलखताच्या सपाट, एकरंगी पत्र्यावर रोखलेला असेल तर भिंग पुढेमागे चाचपडत राहते, आणि साखळीची कड किंवा तोफेच्या नळीचे टोक सापडताच क्षणात स्थिरावते. याचे कारण असे की, ‘फेज डिटेक्शन’ या प्रचलित पद्धतीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत हे मोजून भिंग कोणत्या दिशेने हलवायचे ते ठरते, आणि हे मोजायला दृश्यात उजेड-अंधाराची एखादी सीमा असावी लागते. कॅमेरा यात स्वतः बाहेर काहीच पाठवत नाही.

1979 साली आलेल्या कॅननच्या ‘एएफ35एम’ची रीत उलट होती. तो अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाश समोर टाकून परतणाऱ्या किरणाच्या कोनावरून अंतर काढत असे. मात्र तो झोत क्षीण असल्याने त्याचा उपयोग जवळच्या दृश्यापुरताच होता.

रणगाड्यावरील लेझर अंतरमापकही प्रकाश पाठवतो, पण तो कोनाऐवजी वेळ मोजतो: 2 किलोमीटरवरील लक्ष्यापर्यंत जाऊन परतायला त्या स्पंदाला सुमारे 13 मायक्रोसेकंद लागतात. ज्याच्यावर तो पडतो त्यालाही तो कळू शकतो, कारण टरेटवर, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागावर, सभोवती लावलेले लेझर-इशारा संवेदक अतिशय अल्पकाळाचा तीव्र स्पंद उन्हापासून वेगळा काढून त्याची दिशा सांगतात आणि धुराचे गोळे सोडण्याची संधी देतात. संवेदक कशाचा बनवला आहे याला येथे फार महत्त्व आहे. सिलिकॉन साधारण 1.1 मायक्रॉन तरंगलांबीपर्यंतचाच प्रकाश पाहू शकते, त्यामुळे 1.064 मायक्रॉनचा लेझर त्याला जाणवतो, पण डोळ्यांना कमी धोकादायक म्हणून वापरला जाणारा 1.54 मायक्रॉनचा लेझर ओळखण्यासाठी इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा संवेदक लागतो.

औष्णिक दुर्बिणीपुढे मात्र असा कोणताही संवेदक हतबल ठरतो, कारण ती इंजिनाची आणि माणसाच्या अंगाची उष्णता, बहुधा 8 ते 12 मायक्रॉनच्या पट्ट्यात, केवळ ग्रहण करते. या उष्णतेच्या किरणांना साधी काच अडवते, म्हणून तिचे भिंग जर्मेनियमचे असते, आणि येथेच कॅमेऱ्याचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो: तापमान बदलले की जर्मेनियमची प्रकाश वळवण्याची क्षमता काचेच्या तुलनेत खूपच अधिक बदलते, आणि त्यामुळे लखनौच्या जानेवारीतील धुक्यात बिनचूक जुळवलेली प्रतिमा मे महिन्याच्या उन्हात, कोणीही हात न लावता, अंधूक होऊ शकते; ती जागेवर आणण्यासाठी वेगळ्या पदार्थाचे पूरक भिंग जोडावे लागते किंवा तापमान पाहून भिंग सरकवणारी छोटी मोटर बसवावी लागते.